पांढऱ्यावरची लाल रेघ

सुक्या गोदीत उभ्या असलेल्या जहाजाच्या पोटाखाली ती शिरली, तोच मानेवर गार पाण्याचा थेंब पडला. दुसरा पडायच्या आत डोक्यावर ताडपत्री आली.

"तुम्ही भिजलात तर ठीक आहे, मॅडम... वेल्डिंगचा जोड ओला झाला तर तपासणी लांबेल," ताडपत्री धरणारा म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"ज्याची परीक्षा आहे, तो."

म्हणजे हाच तो वेल्डर. पंख्याचा लांबलचक शाफ्ट जहाजाबाहेर ज्या दोन पायांच्या आधारावर टेकतो, त्याचा एक पाय याने जोडला होता. आधार किती भार पेलेल याचं गणित तिने आधीच करून ठेवलं होतं, उरला होता तो हा जोड. त्यात तडा निघाला तर जहाज अडकणार आणि याचा परवाना जाणार.

तिने जोडावर लाल रंग लावला, मुरू दिला, वरचा पुसून काढला आणि पांढरा फवारा मारला. तडा असेल तर आत मुरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. आता नुसती वाट बघायची होती.

"हात भरून आले असतील," ती म्हणाली.

"वेल्डरचा हात हलत नाही. डोळे मात्र... समोर काळी काच नसली की भरकटतात."

या मुलीला माणसापेक्षा लोखंड लवकर कळतं, असं तिची आत्या नेहमी म्हणायची. पण एवढं तर तिलाही कळलं. कान गरम झाले. आधाराला हात टेकवून ती त्याच्याकडे बघत राहिली – जरा जास्तच वेळ.

मग जोडाकडे वळली, तर पांढऱ्यावर लाल रेघ. बोटभर, ठसठशीत.

त्यानेही ती पाहिली होती.

"दिसतंय ते लिहा," तो हळूच म्हणाला. "माझ्यासाठी पुसू नका."

ती रेघेकडे टक लावून बसली. तड्यातून आलेला रंग हळूहळू पसरत जातो. ही रेघ मात्र जागची हलत नव्हती. तिने आपला हातमोजा उलटा करून पाहिला. अंगठा लालभडक, त्यावर पांढरी पूड. रंग पुसला की हातमोजे बदलायचे, हे नवख्यांना ती स्वतः ओरडून शिकवायची!

"पुन्हा करते. पहिल्यापासून," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही, नियमच आहे तसा."

नवे हातमोजे, पुन्हा रंग, पुन्हा फवारा. या वेळी ती कुठेही टेकली नाही, कुणाकडे बघितलं नाही. कितीतरी वेळ गेला, पण पांढरं ते पांढरंच राहिलं. तिचा जीव भांड्यात पडला.

"पास," ती म्हणाली.

त्याने मोठा श्वास सोडला. "मग ती रेघ कसली होती?"

"माझ्या अंगठ्याची."

"तुमच्या हातून चूक?"

"तुमच्याकडे बघत होते," तिने सांगून टाकलं. "आवडलात तुम्ही मला."

त्याचा हात हलला, आणि ताडपत्रीत साठलेलं सगळं पाणी दोघांच्या अंगावर आलं. जोडही चिंब झाला, पण त्याची तपासणी झालेली होती. आता भिजायला कुणाचीच हरकत नव्हती.