संमतीची सही

"तू नोको हात लावू," उकंडराव शांतपणे म्हणाले आणि नारायणच्या वर्षश्राद्धाचं पान त्यांनी थोरल्या मुलाच्या हातातून काढून घेतलं.

थोरले भगवंतराव ओसरीवर येऊन बसले. पासष्टच्या लढाईत धाकट्या नारायणचं बॉम्बर विमान शत्रूच्या हद्दीत पेटून कोसळलं होतं. आत दोघेच होते, वैमानिक आणि नकाशावरून त्याला दिशा सांगणारा नारायण. दोघांचेही देह मिळाले नाहीत... आणि त्या दिवसापासून उकंडराव थोरल्याशी धड बोलेनासे झाले. नारायणला विमानदलात जाता यावं म्हणून संमतीपत्रावर बापाच्या नावाची खोटी सही आपणच केली, असं भगवंतरावांनी दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं.

दुपारी चिखलीच्या एसटीनं पांढऱ्या पातळातली एक तरुण बाई साखरखेर्ड्याला उतरली आणि घर विचारत आली. ती नागपूरची चारुलता, त्या वैमानिकाची विधवा. बोलता बोलता ती भगवंतरावांकडे वळली.

"तुम्हीच ते दादा ना? नारायणभाऊजी आमच्याकडे जेवायला आले की तुमचंच सांगायचे. 'बाबांची सही मी केली आणि आळ दादानं घेतला, नाहीतर बाबांनी मला घरात ठेवलं नसतं,' म्हणायचे."

उकंडरावांनी वर्षभरात प्रथमच थोरल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काऊन नाही सांगितलं मले?"

"जिता होता तवा त्याले वाचवलं, बाबा. गेल्यावर त्याच्या माथी कसं मारू?"

"म्हणजे त्या पोरानं मले फसवलं..." म्हाताऱ्याचा आवाज कठोर होत गेला. इतके दिवस जपलेलं एकुलतं एक निर्मळ दुःख त्यांच्या हातून निसटताना भगवंतरावांना दिसलं.

"नाही, बाबा," ते घाईनं म्हणाले, "मीच त्याले म्हटलं होतं, कर सही म्हणून."

उकंडरावांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली.

"आताबी खोटंच बोलून राह्यला तू... त्याच्यासाठी." त्यांनी भगवंतरावांचं मनगट घट्ट धरलं. "एक पोरगा लढाईनं नेला, भगवंता. दुसरा मी माह्या हातानं घालवत होतो."

भगवंतरावांनी हात सोडवून घेतला नाही. बापलेक तसेच बसून राहिले.