मास्तरांचं बोट

ही गोष्ट खरी आहे. वहिनीला थापा मारता येत नाहीत, आणि मारलेल्या खपतही नाहीत.

वहिनी सर्जन. घडलं ते भर दुपारी, हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या सरावाच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी रोबोटनं टाके घालायची परीक्षा होती. आधी दोनदा ती नापास झाली होती. आता नापास झाली, की तिच्यासाठी रोबोट कायमचा बंद.

आणि धागा पुन्हा तुटला.

"मर मेल्या!" ती यंत्रावर खेकसली.

रोबोटच्या चिमट्यांनी गाठ ओढताना हाताला काहीच जाणवत नाही. ताण नुसत्या डोळ्यांनी ओळखायचा. कमी ओढलं की गाठ सैल, जरा जास्त की धागा तुटलाच. बाकीचे म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. तिचा तिळपापड व्हायचा.

हातानं गाठ मारायला तिला मास्तरांनी शिकवलं होतं. त्या म्हाताऱ्या सर्जनना सगळे मास्तरच म्हणत. शिकणारा गाठ ओढायला लागला, की ते त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवत. ताण नेमका झाला, की दाबत. म्हणजे बास.

मग एक दिवस, न सांगता, बोट नुसतं ठेवत. दाबतच नसत. धागा तुटला, की म्हणत, "आता आपलं आपण शिक."

मास्तर जाऊन वर्ष झालं होतं.

वहिनीनं रोबोट चालवायच्या कन्सोलमध्ये पुन्हा डोकं घातलं. सुई स्पंजातून काढली. फास घेतला. ओढायला लागली...

तिच्या बोटावर एक बोट टेकलं.

गार.

मग ते दाबलं गेलं.

ती थांबली. समोर गाठ नेटकी बसली होती.

तिनं झटकन डोकं बाहेर काढलं. खोलीत कुणी नव्हतं.

डोकं बाहेर आलं, की रोबोट जागच्या जागी थांबतो. पण पलीकडे चिमटे हलत होते...

सावकाश त्यांनी दुसरा फास घेतला. ओढला. आणि थांबले.

टेक्निशियननं येऊन सगळं तपासलं. "मॅडम, असं होऊच शकत नाही. तुम्ही दमलाय."

परीक्षेत ती पास झाली. प्रत्येक गाठीला ते बोट होतं.

आज मी अभिनंदन करायला गेलो, तर माझ्यावरच उखडली. "कसलं अभिनंदन, भाऊजी? पास मी झाले का? मला अजून एक गाठ धड मारता येत नाही!"

मग ती हळूच म्हणाली,

"उद्या सकाळी पहिला पेशंट आहे. बोट आलंच नाही, तर रोबोट बाजूला सारून मी हातानं टाके घालीन. पण आलं... आणि दाबलंच नाही, तर?"