चार वाजताची प्रार्थना

माझ्या सख्ख्या वहिनीवर बेतलेलं आहे हे. यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

तीन वर्षांपूर्वीचा मंगळवार. दुपारचे चार वाजत आले होते. जागा, तिच्या माहेरची मागची खोली.

तिथे बसून वहिनीचे वडील विजेच्या चाकावर चष्म्याच्या काचा घासायचे. त्यांना जाऊन आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी शोकसभा. तिथे वहिनीने चार शब्द बोलायचे होते, आणि कागद कोरा!

जो तो येऊन सांगे, देवमाणूस होता हो, घरादारावर जीव टाकणारा. ऐकून ऐकून वहिनीचं डोकं उठलं होतं. तिने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून याच देवमाणसाने सहा वर्षं तिच्याशी अबोला धरला होता.

"काय बोलू गं मी, आई?"

"रोज चारला चाक बंद करून सगळ्यांसाठी प्रार्थना करायचे, ते सांग," भाजी चिरता चिरता आई म्हणाली. "आधी जिवंत माणसं, मग गेलेली. एक दिवस चुकवला नाही."

"त्यात मी असायचे?"

सुरी थबकली.

"असायचीस... गेलेल्यांत. किती भांडले मी! म्हणायचे, उद्या बदलतो."

वहिनीचा पारा चढला. ती तरातरा मागच्या खोलीत गेली.

घर्रर्र...

काचा घासायचं चाक फिरत होतं. त्याची वायर तर तिच्या धाकट्या भावाने केव्हाच काढून ठेवली होती.

चाक थांबलं.

रिकामी खुर्ची करकरली... आणि तीच ओळखीची पुटपुट.

"देवा, माझ्या बायकोला सांभाळ. धाकट्याला सांभाळ. सुनेला सांभाळ."

मग गेलेल्यांची पाळी आली...

"गेलेल्यांना शांती दे. माझ्या आईला. वडिलांना. थोरलीला..."

दुसरं कुणी असतं तर बोबडी वळली असती. वहिनी भडकली.

"बाबा, मी जिवंत आहे! धडधडीत समोर उभी आहे! आता तरी हट्ट सोडा!"

आणि तिला रडूच फुटलं.

पुटपुट थांबली.

मग ती पहिल्यापासून सुरू झाली. सावकाश.

"देवा, माझ्या थोरलीला सांभाळ."

एवढ्या एका वाक्यासाठी वहिनी सहा वर्षं झुरली होती.

"धाकट्याला सांभाळ. सुनेला सांभाळ."

तिने वाट पाहिली. आईचं नाव राहिलं होतं...

"गेलेल्यांना शांती दे. माझ्या आईला. वडिलांना..."

"माझ्या बायकोला."

वहिनी धावत स्वयंपाकघरात गेली. आई भिंतीला टेकून बसली होती. सुरी हातातच होती. श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

असेलही. पण वहिनी अजून माझ्यावरच चिडते. "सांग ना, त्यांना आईचं आधीच कळलं होतं? की मी ओरडले म्हणून त्यांनी आमची अदलाबदल केली?"