टपावरची थाप

कंदिलाची वात जरा खाली करा. हं, एवढी पुरे. नाकामालात कावा प्यायला बसल्यावर उजेड जास्त झाला की त्या मुळीचा अंमल चढत नाही आणि बोलणंही सुचत नाही.

मघाशी तुमच्यातलं कुणीतरी विचारत होतं, जुनी पिकअप घेताना काय काय बघायचं. पहिलं म्हणजे गाडीखाली झोपायचं. रंग मागाहून बघा. आपल्या बेटावरची खारी हवा गाडीला खालून खाते, वरून नाही. इंजिन गार असताना चालू करून बघायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजायचं, काहीतरी लपवतोय. ऑइलच्या झाकणाला आतून साय धरलेली दिसली, की कावा पिऊन सरळ घरी जायचं. आणि शेवटी चालवून बघायची. एकट्याने. मालक शेजारी बसला की तो बडबड करतो आणि गाडीचा आवाज ऐकू येत नाही.

हे सगळं मी प्लासिदलाही शिकवलं होतं. ओराप गावचा प्लासिद. तुमच्यातल्या काहींनी पाहिलाय त्याला. उंच, खांदे पाडून चालायचा. त्याने गाडी घेतली त्या संध्याकाळचं सांगतो. यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि निम्मं त्याने त्याच रात्री, अंगावरचा घाम सुकायच्या आत मला सांगितलंय.

प्लासिद सात वर्षं ऑस्ट्रेलियात टोमॅटो तोडत होता. दरवर्षी जायचा, काही महिन्यांनी यायचा. मग त्या साथीत विमानं बंद झाली आणि तो तिकडेच अडकला. त्याच काळात इकडे त्याची बायको, नोएला, गेली. एका रात्रीत. पोटात दुखायला लागलं म्हणून नॉरसुपच्या दवाखान्यात न्यायला निघाले आणि पोचेपर्यंत संपली. प्लासिदने तिची माती फोनवर पाहिली. तीही अर्धीच, मध्ये रेंज गेली.

विमानं सुरू झाल्यावर तो आला. तीन आठवडे भावाच्या पडवीत झोपत होता. स्वतःचं घर समोर शंभर पावलांवर, कुलूप लावलेलं. किल्ली खिशात. पण उघडलं नाही.

आणि एक दिवस लाकातोरोला माझ्या गॅरेजवर येऊन म्हणाला, "दादा, ओबेद गाडी विकतोय. बघायला चल."

मी म्हटलं, "ओबेदची? अरे, ती गाडी मीच बांधून बांधून चालती ठेवतोय. तुझ्याकडे पैसे आहेत तर चांगली घे."

"तिला त्याच गाडीतून नेलं होतं ना?"

मी पाना पुसत बसलो.

ऑगस्टमधला दुसरा गुरुवार होता. ओबेद तेव्हा ओराप सोडून इथे लाकातोरोला मुलीकडे राहायला आला होता. आम्ही पाच वाजता गेलो. मी गाडीखाली शिरलो. चेसीला मागच्या बाजूला गंज, बोट आत जाईल एवढा. मागचं वजन झेलणारे कमानपाटे दमलेले, नुसता हात टेकला तरी करकरायचे. क्लच अगदी वर धरत होता. मी खालूनच एकेक ओरडून सांगत होतो आणि प्लासिद म्हणत होता, "बरं. बरं."

"बरं काय? हे बरं नाहीये, वाईट आहे."

"बरं."

ओबेद बाजूला उभा. एरवी घोडा विकणाऱ्यासारखा बोलणारा माणूस, पण त्या दिवशी गप्प. किल्ली देतानाही त्याने प्लासिदच्या तोंडाकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाला, "दवाखान्याच्या पुढे, विमानतळाच्या वळणापर्यंत जा आणि ये. अंधार पडायच्या आत ये."

पावणेसहाला प्लासिद निघाला. जाऊन येऊन पाऊण तास, फार तर.

साडेसहा झाले. अंधार आधीच पडला होता. चंद्र नव्हता. ओबेदच्या मुलीने आम्हाला केळी आणि चहा दिला. सात झाले. मी म्हटलं, "क्लच गेला असेल. टॉर्च घे, चल."

ओबेद उठला नाही.

"क्लच नाही गेलेला," तो म्हणाला. "एलिझर, मला तुला एक सांगायचंय. त्याला सांगायचं होतं. जमलं नाही."

मग त्याने सांगितलं. त्या रात्री नोएलाला केबिनमध्ये बसवत नव्हतं, म्हणून मागे हौद्यात चटई टाकली. शेजारीण बरोबर येते म्हणाली, चप्पल शोधायला आत गेली, तेवढाही तो थांबला नाही. नोएला एकटीच मागे, केबिनला पाठ टेकून. अचिन गाव मागे पडलं आणि टपावर थाप पडली. दोनदा.

आपल्याकडे दोनदा थाप म्हणजे थांब. मला उतरायचंय. हे काय तुम्हाला सांगायला हवं?

"थांबलास?" मी विचारलं.

"नाही. आधीच उशीर झाला होता. म्हटलं, कळ आली असेल, दवाखान्यात पोचलो की सगळं होईल. ती वाजवत राहिली. सारखी. मी खिडकीतून ओरडलो, नोएला, आलंच आता. विमानतळाच्या वळणाला थाप बंद झाली. मला वाटलं... डोळा लागला."

चहावर साय धरली.

मग खाली बघत म्हणाला, "तेव्हापासून अंधारात त्या रस्त्याने दवाखान्याच्या बाजूला गाडी नेली ना, की... म्हणून विकतोय."

"आणि हे त्याला न सांगता त्याच्या हातात किल्ली दिलीस?"

"तूच सांगून बघ त्याला."

साडेनऊला गाडीचे दिवे दिसले. सावकाश आली. प्लासिद उतरला आणि पायरीवर बसला. ओबेद आत निघून गेला. मी पाणी दिलं. त्याने पेला हातात धरला. मग बोलला.

विमानतळाच्या वळणापर्यंत गाडी नीट गेली. त्याने क्लच बघितला, ब्रेक बघितले, मोकळ्या जागेवर गाडी वळवली आणि दवाखान्याच्या बाजूला परत निघाला. तेवढ्यात अंधार पडला होता. पन्नास हात गेला असेल.

टपावर थाप. दोनदा.

सवयीने पाय ब्रेकवर गेला. त्याला वाटलं, कुणीतरी वळणावर मागे चढलं असेल. उतरून पाहिलं. हौदा रिकामा. रस्ता रिकामा. एका बाजूला नारळाची झाडं, दुसऱ्या बाजूला समुद्र.

परत बसला. गिअर टाकला.

थाप. दोनदा.

या वेळी उतरला नाही. इंजिन बंद केलं. ऐकत बसला. काही नाही... लाटा. मग त्याने गाडी उलटी वळवली. का वळवली, त्यालाही सांगता आलं नाही. कदाचित पळून जायचं असेल. ओरापच्या बाजूला तोंड करून निघाला.

थाप नाही.

एक किलोमीटर गेला. नाही. थांबला. पुन्हा दवाखान्याच्या बाजूला तोंड केलं.

थाप. थाप. या वेळी जोरात. डोक्याच्या बरोबर वर.

"आणि मग मला कळलं, दादा," तो म्हणाला. "तिला जायचं नव्हतं तिकडे."



त्याने गाडी वळवली आणि ओरापचा रस्ता धरला. मधला आरसा हाताने वर फिरवून ठेवला.

"का?" मी विचारलं.

"बघितलं असतं आणि कुणी नसतं तर?"

पंचवीस किलोमीटर. सावकाश चालवली, म्हणाला. खड्डा आला की आणखी सावकाश. आजारी माणूस मागे असलं की नेतात तशी. वालाचा फाटा मागे पडला. अचिन गेलं. कुणी हात केला नाही, एक गाडी समोरून आली नाही. सगळ्या रस्त्यावर तो आणि... तो. मागे आवाज नाही, थाप नाही. फक्त गाडी जड लागत होती. चढाला दुसरा गिअर टाकावा लागत होता.

तो बोलायला लागला. समोर रस्त्याकडे बघूनच. तिकडे पत्र्याच्या खोलीत आठ जण कसे राहायचे ते सांगितलं. टोमॅटोच्या पानांनी बोटं हिरवी होतात, साबणाने जात नाहीत, ते सांगितलं. रेंज गेल्यावर फोन हातात धरून किती वेळ उभा होतो, ते सांगितलं. सात वर्षांचं बोलून झालं तेव्हा ओराप आलं.

घरासमोर आला. वेग कमी केला.

थाप. दोनदा. हळू.

थांबला. इंजिन बंद. दिवे बंद. घर काळं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

बसून राहिला.

कमानपाटे करकरले. गाडीचा मागचा भाग... वर आला. थोडासाच. कुणी उतरलं की येतो तेवढा.

पावलं ऐकू आली नाहीत.

"मी म्हटलं, नोएला, मी आलोय." प्लासिदने पेला खाली ठेवला. "थोडा वेळ थांबलो. मग खिशातून किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, दगडाने ठोकावं लागलं. दार उघडलं. आत गेलो नाही. पायरीवर बसलो. खूप वेळ बसलो. मग तुझी आठवण झाली, तू इथे वाट बघत असशील."

"आणि दार?"

"उघडंच ठेवून आलोय. ती आत असली तर बाहेरून कुलूप कसं लावू?"

"येताना दवाखान्यावरूनच आलास ना? तेव्हा वाजलं?"

"नाही. एकदाही नाही. येताना गाडी हलकी होती."



काय रे, तुला काय विचारायचंय? चेसी? होय, गंजलेलीच घेतली. ओबेदने किंमत सांगितली नाही, याने विचारली नाही, जे द्यायचं ते दिलं. मी नंतर खालून दोन पट्ट्या वेल्ड करून दिल्या. तीन वर्षं त्याने ती गाडी चालवली, याच रस्त्यावर. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच्या घरात राहायला लागला. गेल्या फेब्रुवारीत ताप आला आणि त्याच घरात, रात्री झोपेत गेला. दवाखान्यात न्यायचं म्हणून भाऊ गाडी काढत होता, तर नको म्हणाला.

त्याला शेवटपर्यंत एकच समाधान होतं. तिला घरी पोचवलं. म्हणून एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. आज तो नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

त्या रात्री तो पाणी पीत बसला असताना मी टॉर्च घेऊन गाडीकडे गेलो. मिस्त्री माणूस, पाटे करकरले म्हटल्यावर हात स्वस्थ बसेना. पाटे पाहिले. होते तसेच होते. मग उजेड हौद्यात टाकला.

ओबेदने विकायची म्हणून गाडी त्याच दुपारी धुतली होती. आणि तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. आपल्या पोवळ्याच्या चुऱ्याच्या रस्त्याचा धुरळा कसा उडतो तुम्हाला माहीत आहे. सगळा हौदा पांढरा झाला होता. दोर पांढरा, जॅक पांढरा, जादाचं चाक पांढरं. पीठ चाळावं तसा थर.

फक्त केबिनला लागून, ड्रायव्हरच्या बरोबर मागे, एक जागा स्वच्छ होती. पाय दुमडून एक बाई बसेल एवढी. वर केबिनच्या पत्र्यावरही, पाठ टेकते तेवढा भाग स्वच्छ.

जाताना तिथे कुणी बसलं होतं, असं धरून चालू. मानलं मी. म्हणून जातानाचा धुरळा तिथे पडला नाही.

पण ती तर घराशी उतरली होती. ओरापपासून इथपर्यंत तो सगळा रस्ता रिकामी गाडी घेऊन परत आला. तो धुरळा तरी तिथे पडायला हवा होता ना?

मी हौद्यात वाकून तिथे बोट फिरवलं. उजेडात धरून पाहिलं.

एक कणसुद्धा नव्हता.