खुर्ची वाजली, पण चिमीला कोण सांगणार?

ही घडलेली गोष्ट आहे. शपथेवर सांगतो.

आता माझ्या शपथेला कोण विचारतो, हाच तर घोटाळा आहे. उभा जन्म मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. आजही दूध उतू गेलं असं सांगितलं, तर बायको आधी हसते. मग धावते.

तरीही वाचा. निदान एका माणसाला हे पटावं, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यातला शनिवार. संध्याकाळची वेळ. जुनं नाट्यगृह. माझ्या भावजींची शोकसभा.

भावजी म्हणजे ताईचे यजमान. नट म्हणून मोठे होतेच, पण सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्याच नाट्यगृहात त्यांनी दोन पिढ्यांना अभिनय शिकवला.

शिकवण्याची रीत मात्र अजब. शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. बोलायचे नाहीत. वाक्य खोटं वाटलं की चष्म्याची डबी खुर्चीच्या हातावर आपटायचे.

टक... टक.

म्हणजे पुन्हा. पहिल्यापासून.

आणि खरं वाटलं तर? तर उठून चालू लागायचे. तिथल्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाऊन आपटते. धाड! तो आवाज आला की पोरं रंगमंचावर उड्या मारायची. "आज माझी खुर्ची वाजली!" याहून मोठं बक्षीस त्या इमारतीत नव्हतं.

सगळ्यांची कधी ना कधी वाजली.

एकीची सोडून.

चिमी. माझी भाची, त्यांचीच मुलगी. चांगली नटी आहे, लोक तिकीट काढून बघतात. पण तिच्या प्रत्येक प्रयोगाला मास्तर पडदा पडेपर्यंत बसून. लोक म्हणायचे, "काय माया आहे बापाची!" चिमी विंगेत ओठ चावत उभी असायची.

मास्तर गेल्यावर सगळे तिच्या मागे लागले, वर्ग आता तू चालव. ती म्हणाली, "जिची खुर्ची कधी वाजली नाही, तिने दुसऱ्यांना काय शिकवायचं? सभा होऊ दे. मग वर्गाला कुलूप."

ताई रडली. मी एक विनोद केला. दोन्हींचा उपयोग सारखाच झाला.

तर, शोकसभा.

मला वक्ता म्हणून रंगमंचावर बसवलं होतं. समोर पहिल्याच रांगेत ताई. तिच्या मांडीवर मास्तरांची चष्म्याची डबी. पुढच्या रांगा भरलेल्या, मागच्या रिकाम्या. रिकाम्या खुर्च्यांच्या बैठका ओळीने वर गेलेल्या.

एक सोडून.

शेवटची रांग. कोपरा. ती बैठक... खाली होती.

म्हटलं, स्प्रिंग गेली असेल. या नाट्यगृहात पंखेसुद्धा अध्यक्षांना विचारून फिरतात.

पहिला उठला भोंगा. हे नाव त्याच्या आवाजावरून मास्तरांनीच ठेवलेलं. त्याने गळा दाटून आणला.

"मास्तरांच्या जाण्याने रंगभूमी पोरकी झाली..."

टक... टक.

भोंगा थांबला. श्वास घेतला. "मास्तरांच्या जाण्याने रंगभूमी..."

टक... टक.

त्याने तिसऱ्यांदा सुरुवात केली, जरा हळू आवाजात. आणि सभागृहात कुणालाच वावगं वाटलं नाही! निम्मे लोक मास्तरांचे विद्यार्थी. डबी वाजली की मागे जायचं, हे अंगात भिनलेलं.

मग भोंग्याचाच चेहरा पांढरा पडत गेला. आपण कुणाच्या शोकसभेला आलोय, हे त्याला आठवलं.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. डबी तिच्या मांडीवरच होती. तिचे दोन्ही हात डबीवर.

"मी नाही," ताई पुटपुटली.

"पाइपांचा आवाज असेल," अध्यक्ष म्हणाले. "चालू द्या."

चालू काय द्या! अध्यक्ष स्वतः उठले, तर त्यांचा "आदरणीय" हा एक शब्दच पास होईना. शेवटी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून ते खाली बसले.

मग माझी पाळी. भाषण पाठ करून गेलो होतो.

"भावजी म्हणजे विनयाचा महासागर..."

टक... टक.

महासागर काढला. "भावजी विनयी होते."

टक... टक.

अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त डोकं फिरलं होतं. मेल्यावर तरी माणसाने मेहुण्याला दोन ओळी बोलू द्याव्यात की नाही? घरचा म्हणून काही सवलत?

विनोद टाकले. विशेषणं टाकली. घाम पुसत शेवटी एवढंच म्हणालो, "पत्ते खेळताना भांडायला आता कुणी उरलं नाही."

शांतता.

माझ्या आख्ख्या भाषणातलं तेवढंच पास झालं. आणि ते मी लिहून आणलेलंच नव्हतं.

मग चिमी उठली.

"बाबांनी मला खूप दिलं..."

टक... टक.

तिने डोळे मिटले. मला वाटलं, आता हीसुद्धा मागे जाणार.

"नाही," चिमी म्हणाली. शेवटच्या रांगेकडे सरळ बघत. "पुन्हा नाही घेणार. आयुष्यभर घेतलं. बाबा, मला तुमचा राग आलाय. दवाखान्यात तुमचे पाय चेपतानासुद्धा येत होता. एकदा, एकदाच उठला असतात, तर काय बिघडलं असतं? आता मी कुणासाठी करू?"

डबी वाजली नाही.

तिने माईक खाली ठेवला आणि तडक विंगेतून निघून गेली. मागचं दार लागलं.

आणि त्याच क्षणी...

मी बघत होतो. या डोळ्यांनी. ती कोपऱ्यातली बैठक वर गेली. कुणीतरी झटक्यात उठावं तशी.

धाड!

मग बाहेरच्या दारावरचा जाड पडदा हलला... आणि थांबला.

लोकांच्या तिकडे पाठी. अध्यक्षांची मान खाली, "आदरणीय" पुटपुटत. काहींनी आवाज ऐकलाही असेल. पण तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "स्तब्ध उभे राहू या." झालं! सगळं सभागृह एकदम उठलं. धाड, धाड, धाड, धाड!

मी ऐकलेली ती एक खुर्ची त्या गदारोळात बुडाली.

"अहो, बसा! बसा सगळे!" मी ओरडलो. शोकसभेत लोकांना खाली बसवणारा मी पहिलाच मेहुणा असेन.

तसाच बाहेर धावलो. चिमी गाडीचं दार उघडत होती.

"चिमे! वाजली! तुझी खुर्ची वाजली!"

"मामा, सगळ्यांच्याच वाजल्या. इथपर्यंत ऐकू आल्या."

"अगं, त्याच्या आधी! मी पाहिलं ना!"

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस. मांजर मेलं तेव्हा ते सहलीला गेलंय म्हणून सांगितलं होतंस, तसंच."

मांजराबद्दल तिचं बरोबर होतं.

आत परत गेलो. कोपऱ्यातली बैठक हाताने खाली दाबली, सोडली. धाड! पुन्हा दाबली. धाड!

"काका, बोट सांभाळा," नाट्यगृहाचा दिवेवाला म्हणाला. "ही सगळ्यात कडक आहे. माणूस बसल्याशिवाय खाली राहायची नाही."

दुसऱ्या दिवशी चिमीने वर्गाला कुलूप लावलं.

म्हणून मी हे लिहायला बसलो. आधी जरा रंगवून लिहिलं होतं. पडद्याआड पांढरी आकृती दिसली, असं.

टक... टक.

माझ्या घरात. टेबलाच्या पलीकडून. डबी तर ताईच्या कपाटात, तिच्या घरी.

आकृती खोडली. थंडगार वारा सुटला होता, तोही खोडावा लागला. इथे उरलंय ते सगळं पास झालेलं आहे. "चिमी बोलून गेली आणि खुर्ची वाजली." हे वाक्य मी किती वेळा मोठ्याने वाचलं असेल. टेबलापलीकडे... काही नाही. एकदाही नाही.

काल ते कागद चिमीला दिले. तिने शेवटपर्यंत वाचले. डोळे पुसले, हसली.

"छान जमलंय, मामा. अगदी खरं वाटतं."

आणि गेली. कुलूप आहे तिथेच आहे.

मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून चिडून म्हणालो, "भावजी, आता तुम्हीच सांगा तिला. मी हात टेकले."

टक... टक.

म्हणजे पुन्हा. पहिल्यापासून.

म्हणून आज हे सगळं पुन्हा लिहिलं.