ऑर्डवे ऑइलचं फाडलेलं पान

चौदा नोव्हेंबर, संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. पश्चिम टेक्सास. ऑर्डवे ऑइलची चार नंबरची तेलाची टाकी. अंधार पडला होता, वारा नव्हता.

हे डॉइलच्या बाबतीत घडलं, पोरांनो. वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसून तो बातम्या लिहायचा. मग ऑर्डवेवाल्यांनी त्याला कंपनीचा शताब्दी ग्रंथ लिहायला पगारावर ठेवलं. काय तो इतिहास! आजोबांनी पहिली विहीर खणली, मजुरांबरोबर बसून बीन्स खाल्ले. मुलाने त्याच मजुरांचं पेन्शन खाल्लं. नातू ग्रँट, आताचा अध्यक्ष, तेव्हा तेलक्षेत्र सांभाळायचा. टाकीवर दोन माणसं जायची, त्याने एकच पाठवायला सुरुवात केली.

दोन वर्षांपूर्वी हॉलिस नावाचा कामगार याच चार नंबरवर असाच एकटा चढला. तेलाची उंची मोजायला झाकण उघडलं, विषारी वायू लागला, तिथेच मेला. कंपनी म्हणाली, नियम मोडून एकटा गेला होता. त्याच्या बायकोला, ज्युनेलला, भरपाई नाकारली.

पण टाकीच्या पायथ्याच्या खोलीतल्या नोंदवहीत लेखी आदेश होता, 'एकट्याने मोजावे'. खाली ग्रँटचं नाव आणि सही. डॉइलला तो सापडला, आणि या शहाण्याने ते जाऊन ग्रँटलाच सांगितलं.

"वही शताब्दीच्या प्रदर्शनात ठेवू," ग्रँट म्हणाला. "तेवढं पान काढून टाक. शंभर वर्षांच्या इतिहासात एका अपघाताचं काय घेऊन बसलास?"

आणि हा त्या संध्याकाळी पान काढायला गेला!

फाटकावर पहारेकरी रूफस होता. "काय रे डॉइल, इतिहास लिहायला चाललास की पुसायला?"

"तू तुझं काम कर ना बाबा."

"माझं काम फाटक उघडायचं. तुझं होतं तोंड उघडायचं."

डॉइल खोलीत शिरला. पान फाडलं. खिशात घातलं.

वर लोखंडी जिन्यावर बूट वाजले. एक पायरी. मग दुसरी.

"रूफस?"

...

झाकण उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ सडक्या अंड्यांचा वास, त्याच विषारी वायूचा. तेलक्षेत्रातला माणूस त्या वासाला भीत नाही. वास थांबला की भितो. वायूने नाक मेलेलं असतं, आता माणसाची पाळी.

वास थांबला.

डॉइलचे पाय हलेनात. "हॉलिस...?"

पाठीवर एक हात पडला. जोरात. डॉइल दारातून बाहेर, तोंडावर आपटला.

तो फाटकापर्यंत धावला. रूफस कॉफी पीत बसला होता, जागचा हललेला नव्हता. डॉइलने खिसा चाचपला. रिकामा.

पान सकाळी पन्नास मैलांवर ज्युनेलच्या टपालपेटीत मिळालं. ना पाकीट, ना तिकीट. सहीशेजारी अंगठ्याचा ठसा, कच्च्या तेलातला, अजून ओला. सरकारी प्रयोगशाळेने तपासला. हॉलिसचा निघाला.

आता ज्याला त्याला ठशाचंच कुतूहल. मेलेल्या माणसाचा ठसा आला कसा? मला नाही माहीत. मी ग्रँट ऑर्डवेला सात पत्रं लिहिली, सातही वेळा एकच विचारलं. शेजारची सही तुमची आहे का?

हो की नाही, एवढंच. सातही पत्रं पोचल्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.