उधाणाच्या दिवशी चॅनल एक

"काका, बांधाला भोक पडलंय. माणसं पाठवा. ओव्हर." निशिगंधानं बटण सोडलं. पलीकडून काहीच नाही.

तिनं तिसऱ्यांदा बोलून पाहिलं. उत्तर आलं नाही, पण थोड्या वेळानं रेडिओ सेटमधून गावात बसलेल्या दिनानाथकाकांचा आवाज आला, की बांधावरून कुणी बोलत का नाही. बटण दाबलेलंच ठेवून ते शेजारच्या कुणाला तरी म्हणाले, की पोरं चिंबोऱ्या धरत बसली असतील. तिच्या शेजारी उभ्या आदर्शचा पारा चढला. तो दिवाळीच्या सुट्टीत रोह्याहून जोह्याला मामाकडे आला होता आणि खेकड्याच्या जवळ जायचीही त्याची छाती नव्हती.

पण ही वेळ रुसायची नव्हती. आज अमावास्येचं उधाण. धरमतरच्या खाडीचं पाणी साडेबाराला सगळ्यात वर चढणार होतं, आणि साडेअकरा वाजून गेले होते. चिंबोरीच्या बिळातून येणारी धार मनगटाएवढी झाली होती. बायजाबाई गुडघाभर चिखलात उभी राहून बिळात पेंढा कोंबत होती. बांधालगतचं पहिलं शेत तिचंच, भात कापणीला आलेला. खारं पाणी आत शिरलं तर हे पीक जाणारच, वर पुढची दोन वर्षंही तिथे भात होणार नव्हता.

गावात माणसं, मातीच्या गोण्या आणि ट्रॅक्टर तयार होते. फक्त कुठे यायचं ते कळायला हवं होतं. बांधावर मोबाइलला रेंज नव्हती आणि पायी गाव तासाभरावर. म्हणून तर हॅम रेडिओचा परवाना मिळवलेल्या तेरा वर्षांच्या निशिगंधाला काकांनी सेट देऊन इथे पाठवलं होतं.

"सकाळी अंगणात तर झकास चालत होता," आदर्श म्हणाला.

निशिगंधा थबकली. अंगणात दोन्ही सेट दहा पावलांवर होते, ते एकमेकांशी थेट बोलले! इथून मात्र आवाज आधी डोंगरावरच्या रिपीटरला मिळायला हवा, मग तो पुढे पोचवणार. काकांचं बोलणं संपलं की त्या रिपीटरची क्षणभर खरखर यायची. तिचं संपल्यावर ती येत नव्हती.

"आपला आवाज डोंगरापर्यंत जातच नाहीये. काकांनी या सेटच्या चॅनलमध्ये ऐकायची फ्रिक्वेन्सी भरली, बोलायची भरलीच नाही."

बोलायचं बटण सोडून बाकीच्या बटणांना हात लावायचा नाही, असं काकांनी बजावलं होतं. तिनं लावला. रिपीटर सहाशे किलोहर्ट्झ खाली ऐकतो हे तिला पाठ होतं. त्याला जागं करणारा टोन आदर्शनं तिच्या वहीतून वाचून दाखवला. ओल्या बोटांनी तिनं दोन्ही आकडे भरले, चॅनल एकवर साठवले, परवान्यावरची आपली कॉल साइन सांगून पुन्हा बोलली आणि बटण सोडलं.

खर्र.

"निशी, ऐकू येतंय! कुठे हायस?"

"दुसऱ्या उघाडीजवळ काका, जिथून पाणी सोडतात तिथे."

पंचवीस मिनिटांत काकांना आणि माणसांना घेऊन ट्रॅक्टर आला. गोण्या हातोहात खाली उतरल्या आणि बीळ बुजलं. साडेबाराला पाणी बांधाच्या काठाखाली वीतभर येऊन थांबलं. मग हळूहळू उतरू लागलं.

काकांनी सेट हातात घेऊन चॅनल तपासला आणि सगळ्यांदेखत स्वतःचे कान पकडले. "अंगणात बघून मी मोकळा झालो, वर खापर पोरांवर फोडलं. चुकलंच माझं. उरलेल्या सेटचे चॅनल आता तूच भर, निशी."

बायजाबाई चिखलातून वर आली.

"नव्या भाताचा पयला घास तुमचा गो," ती म्हणाली. "तुमी दोघं जेवल्याबिगर मी नाय जेवायची."